फुटाण्यांचा सीमाशुल्क संघ

चूक माझी होती. अर्थशास्त्राच्या एका गाईडमध्ये, पान एकशे बेचाळीसवर, मी दोन मथळ्यांखालचा मजकूर उलटा केला. 'मुक्त व्यापार क्षेत्र' या मथळ्याखाली सीमाशुल्क संघाची व्याख्या गेली आणि 'सीमाशुल्क संघ' या मथळ्याखाली मुक्त व्यापार क्षेत्राची. गाईड आठ दिवसांत लिहून हवं होतं, मी सात दिवसांत दिलं. प्रूफ आलं तेव्हा न वाचता 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही केली. मुखपृष्ठावर माझं नाव नव्हतं. तिथं 'अनुभवी प्राध्यापक' असं छापलं होतं.

एवढ्यानं कोणाचं काय बिघडतं, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. त्या एका पानापायी एका माणसाचं काम गेलं आणि एका मुलीचा त्याच्यावरचा विश्वास गेला. लिहायचं आहे ते त्या माणसाबद्दल. माझ्याबद्दल जेवढं यावंच लागेल तेवढं येईल.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात सगळेच सर होते, पण "सर आले का?" असं कोणी विचारलं की ते या माणसाबद्दलच असायचं. ते अकोल्याचे. मीही अकोल्याचा. रोजचं अप-डाऊन. शेवटची काही वर्षं ते माझ्या जुन्या गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर रेक्झिनची बॅग घेऊन बसायचे आणि अकोला सुटण्याआधीच सुरू व्हायचे. "भाऊ, काल युरोपानं काय केलं ऐकलं का?" जणू युरोप म्हणजे त्यांचा शेजारच्या गल्लीतला चुलतभाऊ, आणि काल त्यानं पुन्हा काहीतरी करून ठेवलं आहे.

त्यांच्या खिशाला चार रंगांचं एकच पेन असायचं. हाताला कागद लागला की ते नकाशा काढायचे. लग्नपत्रिकेच्या पाठीवर, बसच्या तिकिटावर, एकदा तर कॅन्टीनमधल्या तेलकट कागदावर, समोसा बाजूला सरकवून. लाल रेघ म्हणजे बाहेरच्या मालावरची जकात. हिरवी म्हणजे आतली मोकळी वाट. देशांची हद्द ते काळ्या रंगात काढायचे आणि मग मोठ्या आनंदानं त्याच काळ्या रेघेवरून हिरवी रेघ ओढायचे. "झालं. हद्द आहे, पण नाही." हे वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की समोरच्याला काही कळलं नसलं तरी तो हसायचा.

बडनेऱ्याकडून अमरावतीत शिरताना जुन्या जकात नाक्याची एक केबिन उभी होती. जकात कधीच बंद झाली होती. केबिनमध्ये एकानं चहाची टपरी टाकली होती. सर रोज तिथं गाडी थांबवायला लावायचे. त्यांचे वडील अकोल्याच्या जकात नाक्यावर कारकून होते. साऱ्या घराचा खर्च त्या नाक्यावर चालला. आणि जकात उठली त्या दिवशी सरांनी नाक्यावर येऊन पेढे वाटले होते, हे टपरीवाला अजून सांगायचा. मी एकदा त्यावरून त्यांना छेडलं. त्यांनी उकळता चहा एका घोटात संपवला आणि म्हणाले, "माया बापानं तीस वर्षं दाळीचे पोते थांबवले. अकोल्याची दाळ अमरावतीले येते, बोली एक, भाव एक, सोयरे एक, अन् मधात नाक्याचा दोर. माया बापच म्हणे, हे काय काम होय? अन् तरी त्यानं एक पोतं बिनपावतीचं सोडलं नाही. दोन्ही गोष्टीचा मले अभिमान आहे."

अकोला आणि अमरावतीच्या जकातीवरच त्यांचा पीएचडीचा प्रबंध सुरू होता. तो कधी पूर्ण झाला नाही, कारण दर वर्षी त्यात एक नवा देश शिरायचा. पीएचडी नाही, नेट-सेटच्या वेळी त्यांचं वय आणि नशीब जुळलं नाही, त्यामुळे ते अखेरपर्यंत तासिका तत्त्वावर राहिले. म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं अर्ज, नव्यानं नेमणूक, जेवढे तास तेवढंच मानधन. मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि कायम. विभागाच्या बैठकीला मला बोलावणं असायचं, त्यांना नसायचं.

याबद्दल ते एकदाच बोलले, तेही तुर्कस्तानच्या निमित्तानं. तुर्कस्तान त्यांचा सगळ्यात लाडका देश. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली, मी चाक बदलत होतो आणि ते उन्हात उभे राहून मला तुर्कस्तान समजावत होते. तो युरोपाच्या सीमाशुल्क संघात आहे, पण अर्धाच. कारखान्यातला माल बिनजकातीचा जातो, शेतातला कच्चा माल नाही. बाहेरच्या देशांना जकात किती लावायची ते युरोप ठरवणार, तुर्कस्ताननं पाळायचं. ठरवायच्या बैठकीत त्याला खुर्ची नाही. "पाह्य, कसं आहे," ते म्हणाले, "माया सारखं. नियम सगळे लागू, मीटिंगले बोलावणं नाही." आणि स्वतःच इतके खळखळून हसले की मीही स्पॅनर हातात धरून हसलो.

आता त्यांच्या त्या तासाबद्दल सांगतो. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. एक दिवस माझी मुलं एकेक करून उठून जायला लागली. बाहेर येऊन पाहिलं तर सगळी सरांच्या दारात. सर दाराबाहेर उभे, हातात फुटाण्यांची मोठी पुडी. वर्गातल्या बाकांच्या तीन रांगा म्हणजे तीन देश. प्रत्येक रांगेनं आपली जकात ठरवलेली: उजवी रांग दहा फुटाण्यांमागे एक घेणार, मधली तीन, डावी पाच. रांगांची आपसात जकात नाही. सर म्हणजे बाहेरचा व्यापारी.

सरांनी सगळे फुटाणे उजव्या रांगेत नेले, दहातला एक दिला, आणि तिथून मुठी भरभरून डाव्या रांगेत वाटायला सुरुवात केली. डावी रांग आधी खाऊ लागली. मग तिवस्याची एक मुलगी उभी राहिली. बारीक चणीची, बोलायला फटकळ. म्हणाली, "सर, हे चीटिंग आहे. आमची जकात पाच होती, तुमी एकात आले."

सरांनी टाळी वाजवली. "बसा सगळे. पोट्टीनं पकडलं." मग त्यांनी सांगितलं की हेच ते मुक्त व्यापार क्षेत्र. आत मोकळं, पण बाहेरच्यासाठी प्रत्येकाचं दार वेगळं. त्यामुळे बाहेरचा माल स्वस्त दारानं शिरतो आणि महाग घरात जाऊन बसतो. ते थांबवायचं तर प्रत्येक मूठ उघडून विचारा, हा फुटाणा मुळात कुठचा? डाव्या रांगेनं दहा मिनिटं मुठी तपासल्या. कोणी बोटांत लपवले, कोणी तोंडात टाकून पुरावाच नष्ट केला. तोवर तास निम्मा झाला.

"दुसरा रस्ता काय?" सरांनी विचारलं. ती मुलगीच म्हणाली, "वर्गाच्या दारावर तिघांचा मिळून एकच रेट ठेवा. मंग आत कोणाले काहीच विचारू नका."

सरांनी खडू उचलला. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सीमाशुल्क संघ. आणि म्हणाले, "आता तो रेट किती, यावर भांडा. मोठमोठे देश वर्षानुवर्षं भांडले, तुमाले वीस मिनिटं देतो." वर्ग असा पेटला की प्राचार्य खाली आले. उजवी रांग एकाच्या वर जायला तयार नाही, डावी पाचाच्या खाली नाही. जमलेली जकात तिघांत कशी वाटायची यावरून वेगळीच जुंपली. मी चाळीस मिनिटं दारात उभा होतो. माझ्या अख्ख्या नोकरीत मी असा तास पाहिला नाही, आणि घेतला तर नाहीच. म्हणजे सीमाशुल्क संघ काय असतो हे मला ठाऊक नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

तीच मुलं घेऊन आम्ही चिखलदऱ्याला सहलीला गेलो. परतवाड्याहून वर जायला दोन रस्ते आहेत, एक धामणगाव गढीवरून, दुसरा घटांगवरून. वरच्या नाक्यावर गाडीची पावती फाडली आणि सर खाली उतरले. त्यांनी नाक्यावरच्या माणसाला विचारलं, दुसऱ्या रस्त्यानं आलो असतो तर पावती कितीची? तो म्हणाला, "रेट सारखाच आहे जी." मग आत प्रत्येक पॉइंटवर पुन्हा फाडावी लागते का? नाही. कोणत्या नाक्यावर फाडली ते आत कोणी विचारतं का? "कोण विचारते जी, पावती असली की फिरा." सरांनी त्याचे दोन्ही हात धरले. त्या बिचाऱ्याला वाटलं, काही चुकलं. मग दिवसभर प्रत्येक पॉइंटवर सर पावती झेंड्यासारखी उंच धरून चालत होते आणि मागून चाळीस पोरं ओरडत होती, "एकदा आत, सगळीकडे आत." धुकं इतकं होतं की दरी कोणाला दिसलीच नाही. कोणाची तक्रार नव्हती.

त्या वर्षी पाचव्या सत्राचा पेपर मी काढला. पेपर काढणाऱ्याला एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं की आपण या विषयाचं गाईड लिहिलेलं नाही. मी त्यावर सही केली. त्या सहीनंच पुढं माझं तोंड बांधलं. प्रश्न घातला सोळा गुणांचा: सीमाशुल्क संघ म्हणजे काय, तो मुक्त व्यापार क्षेत्रापेक्षा कसा वेगळा? सोबत तपासनिसांसाठी आदर्श उत्तर द्यायचं असतं. ते मी घाईत माझ्याच गाईडमधून उतरवलं.

मूल्यांकन केंद्रात मी मॉडरेटर होतो, तपासलेल्या उत्तरपत्रिकांवर पुन्हा नजर टाकायला. गाईड पाठ केलेल्यांना त्या प्रश्नात चौदा, पंधरा गुण मिळत होते. मग एक गठ्ठा आला ज्यात शून्यच शून्य. मी वरची उत्तरपत्रिका उघडली. 'समजा एका वर्गात तीन रांगा आहेत.' तीन पानं. बाहेरच्या दाराचा एकच दर, आत तपासणी नाही, जमा जकातीची वाटणी, आणि शेवटी तुर्कस्तान. हस्ताक्षर कोणाचं ते माहीत नव्हतं, पण तो फटकळपणा ओळखीचा होता. मी आदर्श उत्तर काढलं, शेजारी ठेवलं, आणि दिसलं की आदर्श उत्तरातच व्याख्या उलटी होती.

माझ्या हातात लाल पेन होतं. अधिकारही होता. तिथल्या तिथं उभं राहून म्हणायचं होतं, थांबा, आदर्श उत्तर चुकलं आहे. मग विचारलं असतं, कसं चुकलं? कुठून उतरवलं? मी शून्याशेजारी छोटी सही केली आणि उत्तरपत्रिका मिटली.

सरांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स मागवल्या, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज भरायला लावले, विद्यापीठाला चार रंगांत आकृत्या काढून पत्रं लिहिली. गाडीत येता-जाता ते मलाच विचारायचे, "भाऊ, तू सांग न त्याहिले. तू तर दारात उभा होता." मी म्हणायचो, पाहतो सर. विद्यापीठानं अभिप्राय मागितला तो पेपर काढणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडेच. मी लिहिलं, 'आदर्श उत्तर प्रचलित संदर्भ साहित्यास अनुसरून आहे.' पेपर कोणी काढला हे गोपनीय असतं, त्यामुळे सरांना ते पत्र कोणाचं ते कळलं नाही. त्यांना एवढंच कळवलं गेलं की त्यांचं शिकवणं अभ्यासक्रमाला धरून नाही. कॉलेजात लोक म्हणायला लागले, फुटाणे वाटून वर्ग चालतो का? त्या जूनमध्ये त्यांना तास दिले नाहीत. मी विभागाच्या त्या बैठकीत बसलो होतो. माझ्यासमोर चहा होता आणि मी तो प्यायलो.

सहा वर्षं गेली. या वर्षी परदेशांशी होणाऱ्या व्यापार करारांच्या बातम्या रोज येत होत्या, तेव्हा एका मुलानं विचारलं, सर, सीमाशुल्क संघ नेमका काय असतो? मी शिपायाकडून फुटाणे आणवले. तीन रांगा केल्या. सगळं तसंच, पायरी न पायरी. तास संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी व्हिडिओ काढला होता, तो संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टाफच्या मोबाइलवर गेला. प्राचार्यांनी पाठ थोपटली. त्यांच्या हाताचा भार मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मी अकोल्यात एमआयडीसीतल्या एका दाळमिलमध्ये गेलो. सर तिथं निर्यातीचे कागद बघतात, हे मला ठाऊक होतं. घरापासून पंधरा मिनिटांवर. सहा वर्षं ती पंधरा मिनिटं मला निघाली नव्हती.

केस पूर्ण पांढरे झाले होते. खिशाला चार रंगांचं पेन होतंच. मला पाहून त्यांनी विचारलं नाही की इतक्या वर्षांनी कसा काय. थेट ओढून टेबलापाशी नेलं. "हे पाह्य. आपली तूरदाळ. दुबईले उतरते. तिथं एकदा कागद झाले की पुढं ओमान, कुवेत, सहा देश आत. पुस्तकात वाचत होतो न आपण, आता मी सोता पाठवून राहिलो. म्हणजे कागदावर तसं आहे. ट्रक हद्दीवर उभे राहतेच, पण ते वेगळं. मजा पाह्य तू." मजुरांच्या हाका, यंत्रांची घरघर, हवेत दाळीचा पिवळा भुसा, आणि त्यात हा माणूस कुवेतपर्यंत हिरवी रेघ ओढतो आहे. तिसऱ्यांदा तोंड उघडल्यावर मला बोलता आलं. मी सगळं सांगितलं. गाईड, प्रतिज्ञापत्र, आदर्श उत्तर, शून्याशेजारची सही, अभिप्राय, बैठकीतला चहा.

सरांनी पेन खिशाला लावलं. "कोणतं पान?" त्यांनी विचारलं.

"एकशे बेचाळीस."

त्यांनी टेबलावरचे कागद गोळा करून बाजूला सरकवले. मी म्हणालो, मी विद्यापीठाला लेखी कळवलं आहे, सकाळीच रजिस्टर पोस्टानं पत्र टाकून आलो. जे व्हायचं ते होऊ दे. सर, मला माफ करा.

"माया तासाचं सोड," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच चढला होता. "तास आज ना उद्या जाणारच होते. पण ती तिवस्याची पोट्टी. निकाल लागल्यावर तिनं माया फोन उचलनं बंद केलं. तिले वाटते, मी चुकीचं शिकवलं. मी तिले काय सांगू, का मी बरोबर होतो? कोणता मास्तर असं म्हणत नाही? सहा वर्षं झाले, मी दाळीच्या पोत्यायले शिकवून राहिलो, अन् डोक्यात तेच. माफी माया जवळ कायले मागतो? तिच्या जवळ माग. माया समोर."

"कधी?"

"आता काहून नाही? गाडी आणली न?"

तिवसा अमरावतीच्या पुढं, नागपूर रस्त्यावर. अडीच तासांची वाट. मला वाटलं होतं, सर बोलणार नाहीत. बोरगाव मंजू सुटेपर्यंत नाही बोलले. मग न राहवून म्हणाले, "आफ्रिकेच्या दक्षिणेले एक संघ आहे, भल्ला जुना. तुले ठाऊक आहे का, तिथं जमा झालेली जकात कशी वाटते?" आणि पुढं तिवस्यापर्यंत थांबले नाहीत. मी गाडी चालवत ऐकत होतो आणि मधेच प्रश्नही विचारत होतो. इतका आनंद मला सहा वर्षांत झाला नव्हता, आणि त्याची लाजही वाटत होती.

ती तहसीलजवळ सेतू केंद्र चालवते. दाखले, अर्ज, सातबारा. समोर सात-आठ माणसं उभी होती. सरांना पाहून ती उठली, पण बाहेर आली नाही. "या सर," एवढंच म्हणाली, जसं कोणालाही म्हणतात तसं. आम्ही रांग संपेपर्यंत बाकावर बसलो. सर बॅग मांडीवर घेऊन, पहिल्यांदा वर्गात आलेल्या मुलासारखे गप्प.

त्यांनीच बॅगेतून सहा वर्षं जपलेली तिच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. तिनं पाहिली आणि मान फिरवली. "हे काहून आणलं सर? एम.ए. करतो म्हणत होती मी. घरच्यायनं म्हटलं, ज्या विषयात शून्य पडते त्यात काय एम.ए.? मलेबी पटलं. मी तुमच्यावर लय भरोसा ठेवला होता."

सरांनी ती झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी उभा राहिलो. तीन माणसं नवे अर्ज घेऊन दारात आली होती, ती ऐकत होती. ऐकू दे.

मी म्हणालो, "तुझ्या सरांनी बरोबर शिकवलं होतं. तू बरोबर लिहिलं होतं, शब्द न शब्द. त्या गाईडमध्ये ते उलटं लिहिणारा मी, पेपर काढणारा मी, आणि तुझं उत्तर बरोबर आहे हे वाचून, समजून, त्या शून्याशेजारी सही करणाराही मीच. सरांचा काही दोष नव्हता. तुझाही नव्हता. मी तुमच्या दोघांचाही अपराधी आहे. मला माफ कर."